जयप्रकाश उपासनींची जखम

एक परवाना, एक काम. दोन व्हॉल्व्ह एकाच वेळी फिरवू नयेत.

खाट अकरा. जयप्रकाश वसंत उपासनी. वय छत्तीस. भारतीय. हर्निया.

कुंकवाचा चांदीचा करंडा. आत बोट घातलं तर खाली पत्रा लागतो.

शाल कुठल्या रंगाची चालेल, वहिनी?

पत्र्याचं छप्पर, विटांची भिंत, भिंतीत एक खिळा. खिळ्यावर काहीही नाही.

हर्नियाच्या ऑपरेशननंतर चार तास पाणी द्यायचं नाही. मागितलं तरी नाही.

रकाना सात: नागरिकत्व. हा रकाना रिकामा ठेवल्यास अर्ज स्वीकारला जाणार नाही.

रकाना सात

मार्च २००४. कुवेतच्या एगैला उपनगरातल्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर अर्ज पसरला होता आणि शर्मिला उपासनी पेन उघडून बसली होती. अर्ज तिचा नव्हता. ज्याचा होता तो अब्बास समोर बसला होता, डावा पाय टेबलाखाली लांब सोडून, कारण तो पाय त्याला दुमडता येत नाही. शर्मिला मूळची नाशिकची, कुवेतच्या एका सरकारी इस्पितळात एकोणीस वर्षं नर्स. अब्बास इथलाच, बंद पडलेले एसी दुरुस्त करणारा. दोघांचं बोलणं नेहमी इस्पितळातलं अरबी आणि बाजारातलं हिंदी मिसळून चालायचं. त्या दिवशी सहा रकाने भराभर भरून झाले आणि सातव्यापाशी पेन थांबलं.

अब्बास बिदून होता. बिदून म्हणजे विना. देश नोंदणी करत होता तेव्हा त्याचे आजोबा वाळवंटात उंटांमागे होते, कचेरीत गेले नाहीत, आणि तेव्हापासून त्या घरात कुणालाच देश नाही. जन्म इथला, भाषा इथली, कबरी इथल्या. कागद मात्र नाही.

"काय लिहू, अब्बासभाई?"

"गेल्या खेपेला तुम्ही मला विचारलं नव्हतं, ताई," अब्बास म्हणाला. "आपणच लिहून टाकलं होतं."

ती हसली. मग दोघांनाही हसू पुरेना, कारण दाराशी अब्बासची मुलगी असमा उभी होती आणि ती हसत नव्हती. असमा सतरा वर्षांची. शाळेत पहिली आली होती. तिला नर्सिंगला जायचं होतं, आणि कागद नसलेल्या माणसाच्या मुलीला कुठलाच अभ्यासक्रम दारात उभा करत नव्हता. त्या वर्षी पहिल्यांदाच छापून आलं होतं की १९९०च्या इराकी ताब्याच्या सात महिन्यांत लढताना जखमी झालेल्यांना पदक मिळेल, बिदूनांनाही मिळेल, आणि पदक मिळालेल्याच्या मुलांना शिक्षणासाठी कागद देण्यात येतील. अट एकच: जखमेची त्या वेळची इस्पितळातली नोंद हवी.

अब्बासला पदकाचं काही नव्हतं. त्याला असमाचा सप्टेंबर हवा होता, प्रवेशाचा.

नोंद होती. शर्मिलानेच केली होती. समितीला ती दाखवायची कशी, एवढाच प्रश्न होता.

रकाना तीन: सेवेचा तपशील. थोडक्यात लिहावे.

(थोडक्यात. दिलेली जागा दोन ओळी.)

अठराव्या वर्षी सैन्यात भरती. सैन्याला तेव्हा कागद लागत नव्हता, माणूस लागत होता. चौदा वर्षं नोकरी, सार्जंटच्या पट्ट्या. २ ऑगस्ट १९९० ला इराकी रणगाडे आले तेव्हा त्याची तुकडी दुपारपर्यंत लढली, मग गोळ्या संपल्या. अब्बासने गणवेश पुरला, दिशदाशा, म्हणजे लांब अरबी झगा चढवला आणि सलवा नावाच्या वस्तीत आला. तिथे एका बंगल्याच्या तळघरात एका मेजरने अकरा माणसं जमवली होती. पुढचे दहा आठवडे त्या अकरांनी जे केलं ते दोन ओळींत मावत नाही. इराक्यांना घरं सापडू नयेत म्हणून त्यांनी गल्ल्यांच्या पाट्या आणि घरांचे नंबर उपटले. अब्बास पावाची गाडी चालवायचा. वर पाव, खाली काडतुसं. गस्तीच्या तीन गाड्या त्यांनी उडवल्या. अकरातले सात मेले. त्यातल्या दोघांना त्यांच्याच घराच्या उंबऱ्यावर आणून, आईला बाहेर बोलावून मारलं.

सप्टेंबरच्या शेवटी मेजरने अब्बासला नकीब केलं, म्हणजे कॅप्टन. समारंभ असा की दुधाच्या पावडरीचा डबा कात्रीने कापून त्याचे तीन तारे केले आणि सेफ्टी पिनेने त्याच्या बनियनवर लावले. मेजर म्हणाला, कागद नंतर करू. मेजर ऑक्टोबरात मारला गेला.

शर्मिलाने हे सगळं बारीक अक्षरात समासापर्यंत लिहिलं. कमाल नावाच्या कारकुनाने ते नंतर पांढऱ्या शाईने खोडून वर लिहिलं: सार्जंट.

खाट अकरा

शर्मिलाचा नवरा जयप्रकाश हा मीना अल-अहमदी इथल्या रिफायनरीत इंजिनिअर होता. सप्टेंबर १९९० मध्ये तो चार वर्षांच्या जुईलीला घेऊन बसने बगदाद, तिथून अम्मान आणि पुढे विमानाने घरी गेला. शर्मिला मागे राहिली. वॉर्डात एकोणतीस पेशंट आणि तिच्याखेरीज दोन नर्सेस उरल्या होत्या. तिसरी गेली असती तर कुलूप लावावं लागलं असतं. ती शूर वगैरे नव्हती, तिची ड्यूटी होती. पुढे तिला कुणी विचारलं तर ती एवढंच सांगायची.

१४ ऑक्टोबरला दुपारी पावाच्या गाडीतून अब्बासला आणलं. गोळी डाव्या जांघेत, वरच्या बाजूला. सर्जन डॉ. राजन यांनी तासाभरात ती काढली. तोवर खालून निरोप आला की इराकी अधिकारी वॉर्ड तपासत वर येतायत, रजिस्टर बघतायत, गोळी लागलेला माणूस दिसला की खाटेसकट नेतायत.

रजिस्टरमध्ये ती ओळ अजून कोरी होती. शर्मिलाने हाताला येईल ते नाव लिहिलं. वय, ओळखपत्राचा बारा आकडी नंबर, सगळं पाठ असलेला पुरुष तिला जगात एकच ठाऊक होता. जांघेच्या बँडेजला शोभेल असा आजार एकच होता. मग तिने पर्समधला करंडा काढला, अब्बासच्या कपाळाला कुंकू लावलं, साडीच्या काठाचा लाल दोरा तोडून त्याच्या मनगटाला बांधला. बनियनवरचे तीन तारे तिने करंड्यात टाकले आणि वर कुंकू लोटलं. आणि त्याच्या कानात दोन शब्द सांगितले, तेच म्हणायचे, दुसरं काही नाही.

अधिकारी अकराव्या खाटेशी थांबला. अब्बास डोळे मिटून म्हणाला, "ताई, पाणी."

"चार तास पाणी नाही म्हणून सांगितलं ना तुम्हाला," शर्मिला शुद्ध मराठीत डाफरली. "किती वेळा तेच तेच!"

अधिकाऱ्याला दया आली. त्याने खुणेने सांगितलं, द्या की घोटभर. शर्मिलाने मान हलवून नाही म्हटलं. शत्रूच्या अधिकाऱ्यालाही तिने नियम ऐकवला, आणि बहुधा त्या नियमानेच त्याची खात्री पटली. तो पुढच्या खाटेकडे गेला.

इतकंच. पुढे चौदा वर्षं अब्बास तिच्या दारात आला की सलाम करायच्या आधी म्हणायचा, ताई, पाणी.

रकाना नऊ: यापूर्वी मिळालेली सन्मानचिन्हे

तीन तारे, पत्र्याचे. फेब्रुवारी १९९१ मध्ये देश सुटला तेव्हा शर्मिलाने ते करंड्यातून काढून, पुसून त्याला परत दिले, आणि त्याने ते घरी भिंतीतल्या खिळ्याला टांगले. एप्रिलमध्ये सैन्यातल्या बहुतेक बिदूनांसारखं त्यालाही घरी बसवलं. तुमची निष्ठा तपासायची आहे, म्हणाले. घराची झडती झाली. विनापरवाना वापरलेली अधिकारचिन्हं म्हणून तारे जप्त झाले आणि त्याची रीतसर पावती मिळाली. तीन नग, धातूचे. खिळा तेवढा राहिला.

सलव्याच्या त्या तळघरातले चौघे जिवंत राहिले. तिघे नागरिक होते, त्यांना तेव्हाच पदकं मिळाली, ती त्यांना मिळायलाच हवी होती. त्यांच्या छातीवर ती बघताना अब्बास टाळ्याही वाजवायचा. चौथ्याला एसीच्या कॉम्प्रेसरवर चढायला शिडी मिळाली.

व्हॉल्व्ह

खोटी नोंद केली असं लेखी कबूल करायचं म्हणजे नोकरी जाऊ शकत होती, व्हिसा जाऊ शकत होता. शर्मिलाने नवऱ्याला सांगितलं तेव्हा जयप्रकाश नाही म्हणाला नाही. तो तसा माणूस नव्हता. त्याने चहा संपवला आणि मग इंजिनिअरसारखा बोलायला लागला. नाव आणि आजार, दोन्ही एकदम बदलायला गेलात तर तपासणाऱ्याला वाटेल सगळंच बनावट आहे. आधी आजार दुरुस्त करून घ्या. राजन पत्र देतील, एक्स-रे आहे, ते पटकन होईल. तो बदल पक्का झाला की मग नाव.

"दोन व्हॉल्व्ह एकाच वेळी फिरवत नाहीत गं," तो म्हणाला. "पहिल्याचं प्रेशर स्थिर होऊ द्यायचं, मगच दुसऱ्याला हात."

शर्मिलाला ते पटलं. वीस वर्षं ज्या घरात गॅसचा कॉकसुद्धा टप्प्याटप्प्याने बंद होतो त्या घरात ते पटणारच होतं. तिने नोंददुरुस्तीच्या पहिल्या अर्जात लिहिलं की खाट अकरावरच्या पेशंटला हर्निया नव्हता, लढताना लागलेली गोळी होती, आणि आजार मी बदलून लिहिला. कोइम्बतूरहून निवृत्त डॉ. राजननी पत्र फॅक्स केलं. त्यातही सावधगिरी म्हणून नाव नाही, नुसतं खाट अकरा. इस्पितळाने तीन आठवड्यांत नोंद दुरुस्त करून समितीकडे पाठवली आणि शर्मिलाला साधी समजही दिली नाही. जयप्रकाश खूश होता. असमाने नर्सिंगच्या पुस्तकांना कव्हरं घातली.

दुसरा अर्ज, नावाचा, शर्मिलाने मेच्या अखेरीला दिला. त्यावर पोचेचा शिक्का पडला.

जूनमध्ये समितीचं पत्र आलं. अब्बासच्या घरी नाही, एगैलाला. जाड कागद, वर सोनेरी मुद्रा. समितीसमोर आलेल्या पुराव्यांवरून, १४ ऑक्टोबर १९९० रोजी देशाच्या रक्षणासाठी लढताना गोळी लागून जखमी झालेले भारतीय नागरिक श्री. जयप्रकाश वसंत उपासनी यांना शौर्यपदक देण्यात येत आहे. आणखी एक पातळ कागद होता: अब्बास यांच्या नावे कोणतीही नोंद नसल्याने त्यांचा अर्ज निकाली.

जुईली आता अठराची होती. तिने दोन्ही कागद वाचले. "बट डॅड वॉज इन नाशिक, राइट? विथ मी?"

शर्मिलाने दोन्ही कागद तिच्या हातातून काढून घेतले.

शाल

बातमी फुटायला वेळ लागला नाही. रिफायनरीत केक कापला. जयप्रकाशने दोन दिवस सगळ्यांना सांगितलं की चूक झाली आहे. तिसऱ्या दिवशी त्याच्या साहेबाने त्याला बाजूला घेऊन समजावलं की अशा ठिकाणी चूक झाली असं म्हणणं म्हणजे ज्यांनी पदक दिलं त्यांना चुकीचं ठरवणं. त्यानंतर जयप्रकाश गप्प राहायला लागला. आणि गप्प राहिलेल्या माणसाचं काय होतं ते शर्मिलाने डोळ्यांनी पाहिलं. आठवडाभरात कुणी हात हातात घेऊन अभिनंदन केलं की तो मान खाली घालायचा, आणि ती मान खाली घालणं अगदी विनयासारखं दिसायचं. एकदा जिन्यावरून उतरताना त्याने डाव्या जांघेवर हात ठेवलेला तिने पाहिला. तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने हात खिशात घातला.

इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष पुंडलिकराव यांचा फोन आला. गणपतीत सत्कार ठरला होता, शाल-श्रीफळ, मानपत्र. त्यांना शालीचा रंग विचारायचा होता.

शर्मिलाने त्यांना सगळं सांगितलं. पावाची गाडी, कुंकू, चार तास पाणी नाही, सगळं. पुंडलिकरावांनी मनापासून ऐकलं. मग म्हणाले, "अहो वहिनी, म्हणजे तर सत्कार तुम्हा दोघांचा करायला हवा. त्या अरबाला कशाला मध्ये आणता? आपल्या माणसाला मिळतंय ना?"

"आपला माणूस त्या दिवशी इथे नव्हता."

"नाव तर आपलं होतं ना."

"शाल तुम्हीच पांघरा," शर्मिला म्हणाली आणि फोन ठेवला. वीस वर्षं ज्या मंडळात तिने तिळगूळ वाटला, हळदीकुंकू केलं, तिथे पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं तिने त्याच वेळी ठरवलं, आणि नंतर ते पाळलंही.

कमाल

समितीच्या कचेरीत खिडकी एक आणि कारकून एक. कमाल इजिप्तचा, वयस्क, सभ्य. तो शर्मिलाला सिस्टर म्हणायचा आणि प्रत्येक खेपेला चहा मागवायचा. तिने नावाच्या दुरुस्तीचं विचारलं. त्याने नियमांचं पुस्तक उघडून तिच्याकडे फिरवलं: पदक जाहीर झाल्यानंतर पदकधारकाच्या नोंदीत बदल करता येत नाही. तिने विचारलं, माझा नवरा पदक नाकारू शकतो का. कमाल म्हणाला, शकतो. नाकारलेलं पदक रद्द होतं, दुसऱ्याला जात नाही.

शर्मिलाने टेबलावर मूठ आपटली. आयुष्यात पहिल्यांदा. चहा बशीत सांडला.

"गोळी खरी आहे हे तुम्हाला मान्य. खाट खरी मान्य. तारीख मान्य. मी खोटं लिहिलं हेसुद्धा मान्य. मग अर्धंच खोटं का पुसता? माणूस जिवंत आहे. बाहेर बाकावर बसलाय. पाय दुमडत नाही त्याचा. बोलावू?"

कमालने दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "सिस्टर, तुम्ही दोन्ही अर्ज एकदम दिले असते ना, तरी मी ते घेऊ शकलो नसतो. दुरुस्त नावापुढे ओळखपत्राचा नंबर लिहावा लागतो. त्याला नंबरच नाही. यंत्र पुढे सरकत नाही."

"मग बिदूनांना मिळेल असं छापलं कशाला?"

"छापलंय," कमाल म्हणाला. "आजवर आलाय का कुणी, ते मला विचारू नका."

म्हणजे नवऱ्याचा व्हॉल्व्ह चुकला नसता तरी अब्बासला काही मिळालं नसतं. चूक आपली होती एवढं समाधानसुद्धा तिच्याकडे ठेवलं नव्हतं. बाहेर अब्बास बाकावरून उठला. तिचा चेहरा त्याने बघितला. फक्त म्हणाला, ताई, पाणी पिऊन घ्या.

खिळा

समारंभ सप्टेंबरात झाला. जयप्रकाश गेला, कारण न जाणं त्याला जमलं नाही. शर्मिला गेली नाही. परत आल्यावर त्याने मखमली पेटी तिच्यासमोर ठेवली आणि तो खूप वेळ बूट काढत बसला. शेवटी म्हणाला, "चल, त्याला देऊन येऊ."

अब्बासचं घर जहराच्या बाजूला, पत्र्याच्या छपरांच्या वस्तीत. दुपारची वेळ होती, छप्पर तापलं होतं. अब्बासने जयप्रकाशला गादीवर आपल्या शेजारी बसवलं, पाठीवर थाप मारली आणि विचारलं, हर्निया कसा आहे. जयप्रकाश हसला, मग त्याचे डोळे भरून आले. अब्बासने पेटी उघडली. पदक हातावर घेऊन वजन केल्यासारखं केलं. मागे कोरलेलं नाव बोटाने चाचपलं. मग पदक पेटीत ठेवून झाकण लावलं आणि पेटी परत केली.

"घेऊन जा," तो म्हणाला. "झडतीत माझ्या घरी सापडलं तर म्हणतील, चोरलं."

जयप्रकाश काहीतरी म्हणायला लागला, वकील, वर्तमानपत्र, राजदूत. अब्बास ऐकत होता. शर्मिला ऐकत नव्हती. ती भिंतीतल्या खिळ्याकडे बघत होती. तिच्या संतापाला जायला कुठेच जागा नव्हती. समोर बसलेला माणूस तिच्यावर रागावतसुद्धा नव्हता.

असमा चहा घेऊन आली. प्रवेश बंद होऊन चार दिवस झाले होते. कव्हरं काढून तिने पुस्तकं परत दिली होती. तिने कप ठेवले, शर्मिलाच्या शेजारी बसली आणि सरळ, सभ्य आवाजात, जणू बसचा नंबर विचारावा तसं विचारलं:

"ताई, त्या वेळी बाबांना तुम्ही नाव दिलंत. मला जुईलीचं द्याल?"

अब्बास तिला ओरडला नाही. जयप्रकाशने चहाचा कप खाली ठेवला. तेव्हा रजिस्टरमध्ये एक ओळ कोरी होती आणि अर्ध्या मिनिटात ती भरली होती. आता फोटो असतात, बोटांचे ठसे असतात, बारा आकडे यंत्रात असतात, आणि या सगळ्याची राखण करायला शत्रूसुद्धा लागत नाही.

असमा उत्तराची वाट बघत होती. शर्मिलाने पर्स उघडली, करंडा हाताला लागला, आणि तिने पर्स मिटली.

१४ ऑक्टोबर १९९० रोजी दुपारी जयप्रकाश वसंत उपासनी नाशिकच्या मेनरोडवर जुईलीसाठी शाळेचे बूट विकत घेत होते.